मास्तरांचा पेनड्राइव्ह निम्मा रिकामा होता

ते मला पहिल्यांदा काय म्हणाले असतील, तर "आत सरका." तेही माझ्याच दुकानात.

पौडला तहसील कचेरीसमोरच्या बोळात माझं झेरॉक्स काढायचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मुलगा पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कंप्युटर इथेच राहिला, आणि एका बोटाने खटखट करत, चुकत चुकत मी तो शिकले. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे रागवायलाही कोणी नव्हतं. तर त्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गर्दी झाली होती आणि सगळे दारातच अडून उभे होते. एवढ्यात मागून आवाज आला, "आत सरका, आत सरका, मागं मोकळं हाय, दार सोडा." आणि लोक सरकले हो. झेरॉक्सच्या मशीनला चिकटून उभे राहिले. मी चष्म्यावरून बघितलं तर एक उंच, वाळके गृहस्थ, खांद्याला कंडक्टरची चामडी पिशवी, हातात तिकिटाचा पंच. तो पंच टिकटिक वाजवत ते माझ्या गिऱ्हाइकांची रांग लावत होते. स्वतःचं काम त्यांनी सगळ्यांच्या शेवटी सांगितलं.

एसटीतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला होता. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, शाळेतले ते गुरुजी. म्हणून तेही मास्तरच. पिशवी आणि पंच खात्याचे नव्हते बरं का, ते खात्यात जमा केले होते. हे जुन्या बाजारातून आणलेले. हातात काही वाजलं नाही तर बोलणं सुचत नाही, असं त्यांचंच म्हणणं. लग्नाच्या पंगतीत मास्तर असले की वाढप्यांना काम नसायचं. "ह्या वळीत दोन जागा हायेत, पोरास्नी मांडीवर घ्या." दवाखान्यात गेले तर डॉक्टरच्या खोलीबाहेर "एक उतरला, एक चढा" चालू. पाटीवर मात्र त्यांची भारी श्रद्धा. गाडीच्या कपाळावर जे गाव लिहिलं असेल तिथेच गाडी जाणार. ड्रायव्हर चुकेल, रस्ता खचेल, पाटी चुकायची नाही. 'प्रवेश बंद' लिहिलेल्या दारातून सगळं गाव ये-जा करायचं, मास्तर एकटे वळसा घालून जायचे.

त्यांचं घर एसटी स्टँडच्या मागच्या माळाला लागून. बाजारातल्या जुन्या मुसलमान कुटुंबांपैकी एक. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा आणि दिवाळीला माझ्याकडून तोच डबा भरून जायचा, रिकामा कधी फिरला नाही. डबा घेऊन यायच्या त्या भाभी, मास्तरांची बायको. घोटावड्याचं माहेर, ठेंगणा बांधा, तोंडात कायम हसू आणि टोमणा. चार शेळ्या पाळायच्या त्या, आणि संध्याकाळी त्यांना हाक मारायच्या.

त्या हाकेबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. "याऽऽ गं माझ्या, याऽऽ." शब्द एवढेच. पण ती खालून सुरू व्हायची, चढत चढत जायची, अगदी टोकाला जरा फाटायची, आणि मग शेवटचं 'या' भरलेली कळशी टेकवावी तसं अलगद खाली यायचं. माळाच्या पार टोकाला गेलेल्या शेळ्या मान वर करून चालू लागायच्या. मी दुकानात काहीही करत असले तरी त्या हाकेला उठून चहाचं आधण ठेवायचे. घड्याळाकडे कधी बघितलं नाही.

मास्तर माझ्याकडे यायला लागले ते अशाच हाकांपायी. नोकरीत त्यांनी मुक्कामी गाड्या फार केल्या. गाडी रात्री गावात थांबते, कंडक्टर-ड्रायव्हर तिथेच झोपतात, सकाळी पहिली फेरी घेऊन निघतात. तर पहाटे बायका गुरांना, कोंबड्यांना, शेताकडे गेलेल्या माणसांना हाका मारायच्या, त्या ऐकून मास्तर जागे व्हायचे. डोळे मिटून सांगायचे म्हणे, हे मुठा गाव, हे अमकं, हे तमकं. प्रत्येक घराची हाक वेगळी. निवृत्त झाल्यावर एकदा ते मुठ्याला ओळखीच्यांकडे राहून आले आणि तडक दुकानात आले. "ताई," म्हणाले, "सकाळी कोण वराडलंच न्हाई. ऊन अंगावर आलं तरी मी झोपून."

गुरं विकली गेली होती. जमिनींवर शनिवार-रविवारचे बंगले आले होते, आणि बंगल्यातली माणसं एकमेकांना फोन करतात. मास्तरांनी मनावर घेतलं. मोबाइल घेतला, माझ्याकडून रेकॉर्डिंग शिकले, लुनावर भाभींना मागे बसवून गावोगाव फिरायला लागले. ज्या म्हाताऱ्यांकडे गुरंच उरली नव्हती त्यांना म्हणायचे, "हायेत असं समजा आन हाक मारा." त्या आधी लाजायच्या. मग भाभी त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी कानात सांगायच्या, त्या हसायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. भाभी नसत्या तर मास्तरांना एक हाक मिळाली नसती, हे आख्ख्या पौडाला ठाऊक होतं. एकदा रेकॉर्डिंग सुरू झालं की मात्र मास्तर बोट ओठावर ठेवायचे. मागचा आवाज यायला नको. भाभी तोंडात पदर धरून मागे उभ्या राहायच्या.

घरी परत आले की मोबाइलमधली हाक माझ्या कंप्युटरमधून पेनड्राइव्हवर जायची. लाल रंगाचा, बोटाएवढा पेनड्राइव्ह. पिशवीत जिथे सुट्टे पैसे ठेवायचे त्या कप्प्यात त्याची जागा. हाक त्यावर पोचली की मास्तर ती मोबाइलमधून आणि माझ्या कंप्युटरमधूनही पुसायला लावायचे. मी किती सांगितलं, अहो राहू द्या एखादी प्रत. तर म्हणायचे, एका तिकिटावर दोन गाड्यांत कोण बसतं का?

भाभींचा टोमणा ठरलेला. "समद्या मावळाच्या बाया त्या डबीत घातल्या. माजं तिकीट कवा फाडनार?" मास्तर म्हणायचे, "जागा झाली की सांगतो."

आणि इथे मला ती जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. भाभीच सांगायच्या, हसून हसून, डोळ्याला पदर लावून. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. मुलगी कडेवर. स्वारगेटहून पौडच्या गाडीत चढल्या आणि नेमके कंडक्टर मास्तरच. गाडी गच्च. मास्तरांचा नियम असा की कंडक्टरच्या घरच्यांनी सगळ्यांच्या शेवटी चढायचं. चढल्या शेवटी. तिकीटही काढायला लावलं. चांदणी चौकात एक भला माणूस उठला, म्हणाला बसा ताई, लेकरू आहे. तर मास्तर पंच वाजवत म्हणाले, "बसा तुमी, ती घरचीच हाय." पिरंगुटच्या घाटात गाडी वळणं घेत होती आणि ह्या एका हाताने दांडी, एका हाताने मुलगी धरून उभ्या. पौडपर्यंत. "उतरल्यावर म्हनले काय, तर पाय दुखले का? मी म्हनलं, न्हाई, पाय पिरंगुटलाच राह्यले."

भाभी हसायच्या, मीही हसायचे. मास्तर चपलांकडे बघायचे. पंच बंद असायचा तेवढा वेळ.

हाका जमत गेल्या. शेवटी एका दुपारी मास्तर आले, अंगात इस्त्रीचा सदरा. म्हणाले, आता बाहेरचं कोणी उरलं नाही, संध्याकाळी हिची हाक घ्यायची. त्याआधी पेनड्राइव्हवर तिच्यासाठी एक वेगळी घडी करून ठेवा, म्हणजे फोल्डर. मी पेनड्राइव्ह लावला. फोल्डर होईना. नावाशेजारी एक बारीकसं कुलूप दिसायला लागलं होतं आणि खाली ओळ आली, की हा फक्त वाचता येईल, यावर काही लिहिता येणार नाही.

पेनड्राइव्ह काढला, पदराने पुसला, फुंकला, दुसऱ्या भोकात घातला. कॅमेऱ्याच्या कार्डाला कडेला बारीक खटका असतो, तो सरकला की कार्ड बंद होतं. तसा कुठे आहे का म्हणून नखाने चाचपला, याला तसलं काही नव्हतं. कंप्युटर बंद करून चालू केला. कुलूप तिथेच. मास्तरांनी विचारलं, काय म्हणतोय? मी ती ओळ वाचून दाखवली.

"म्हंजे गाडी फुल."

"अहो, निम्मा रिकामा आहे. हे बघा, जागा दिसतीये."

"रिकामी दिसती. पन पाटी लागली ना? पाटी लागल्यावर आत बघायचं न्हाई."

मी म्हटलं, मग नवीन पेनड्राइव्ह घेऊ. ते म्हणाले, सगळ्या बाया या गाडीत आणि ती एकटी दुसऱ्या गाडीत का? म्हटलं, मग सगळ्यांनाच नव्यावर घेऊ. तर म्हणाले, बसलेली माणसं उतरवायची नाहीत. मग मी अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, निदान हाक तर मोबाइलमध्ये घेऊन ठेवा, पेनड्राइव्हचं नंतर बघू.

मास्तरांनी पेनड्राइव्ह परत पिशवीच्या कप्प्यात ठेवला. मग म्हणाले, "मोबाइलात म्हंजे उभ्यानं, ताई. येकदा उभी केलीय मी तिला. आता जागा धरल्याबिगर चढवनार न्हाई."

मला त्या क्षणी ते बरोबरच वाटलं. इतकं छान कुणी आपल्या बायकोबद्दल बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

मग सुरू झाल्या खटपटी. मास्तर पिरंगुटला एका दुकानात गेले. तिथल्या पोऱ्याने पेनड्राइव्ह हातातसुद्धा घेतला नाही. फक्त वाचता येतो म्हणतोय ना, मग फॉरमॅट मारून देतो म्हणाला. मास्तरांनी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, सगळं पुसून कोरा. मास्तर पिशवी पोटाशी धरून बाहेर पडले ते बसचीही वाट न बघता चालत सुटले. त्यानंतर माझ्याशिवाय कुठल्याच कंप्युटरला पेनड्राइव्ह लावू देईनात. परक्या डेपोत गाडी न्यायची नाही. मी मुलाला फोनवर विचारायचे, तो कामात असायचा, आल्यावर बघतो म्हणायचा. मास्तर रोज यायचे. दारात उभं राहून, गिऱ्हाइकं संपेपर्यंत थांबून विचारायचे, "झाली का जागा?" मी पेनड्राइव्ह लावायचे. कुलूप असायचंच.

संध्याकाळी माळावरून भाभींची हाक यायची आणि मी आधण ठेवायचे. वाटायचं, आहेच की. कुठे जातीये?

भातकापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. सकाळी शेळीची धार काढता काढता भाभी कलंडल्या. अर्धांगवायू. पुण्याला नेलं. जीव वाचला, काही महिन्यांनी पाऊलही उचलायला लागल्या, उजवा हात खांद्यापर्यंत जायला लागला. वाचा आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. सगळं समजायचं त्यांना, हसायच्यासुद्धा, पण तोंडातून एक 'आ' निघायचा, आणि तोही त्यांना आवडायचा नाही. टोमणे डोळ्यात दिसायचे, बाहेर यायचे नाहीत.

माझ्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. लातूरची, हिंजवडीला नोकरी. एका रविवारी ती काहीतरी छापायला खाली आली. लाल पेनड्राइव्ह टेबलावर होता. दवाखान्याच्या धावपळीत मास्तर तो माझ्याकडे ठेवून गेले होते. मी तिला सगळी कथा सांगितली. तिने तो लावला, कुलूप बघितलं, मग एक काळी खिडकी उघडून त्यात एक ओळ लिहिली.

"काकू, हा लॉक नाहीये."

"अगं, दिसतंय ना कुलूप."

"ते फाइल दाखवणारा प्रोग्रॅम म्हणतोय. पेनड्राइव्ह नाही म्हणत. बघा, मी आत्ता त्यावर फाइल केली. झाली." मग तिने समजावून सांगितलं. फाइली दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅमच्याच त्या जुन्या आवृत्तीत चूक होती. काही काही पेनड्राइव्हना, आधी नीट चालत असले तरी, तो मध्येच उगाच, न तपासता, फक्त वाचण्याचे ठरवायचा आणि तसं कुलूप लावून दाखवायचा. मागून सुधारलेली आवृत्ती आली होती, मी कधी घेतली नव्हती. मला घ्यायची असते हे तरी कुठे माहीत होतं? तिने ती चढवली. पेनड्राइव्ह काढून परत लावला. कुलूप गेलं, जसं कधी नव्हतंच.

"म्हणजे यावर कधीपासून लिहिता येत होतं?"

"पहिल्यापासून, काकू." आणि मग माझं तोंड बघून ती म्हणाली, "त्यांना नका सांगू. म्हणा, आज दुरुस्त झालं."

मी दोन दिवस तसंच म्हणायचं ठरवलं होतं. पण मास्तर आले आणि दारात उभे राहून त्यांनी पुन्हा तेच विचारलं, झाली का जागा, आणि माझ्याने खोटं बोलवेना. सांगून टाकलं. म्हटलं, पाटी खोटी होती.

पंच थांबला. ते स्टुलावर बसले. माझ्या दुकानात ते बसलेले मी तेव्हाच पहिल्यांदा बघितले.

"म्हंजे जागा व्हती."

"होती, मास्तर."

"समदा येळ."

मी मान हलवली. बाहेर कोणीतरी फॉर्म घेऊन आलं होतं, ते आपलं आपणच परत गेलं.

मग त्यांनी सगळ्या हाका पहिल्यापासून लावायला सांगितल्या. काही दिवस तेच. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसायचे. मला आधी कळेना, आता काय ऐकताहेत. मग म्हणाले, ती प्रत्येक ठिकाणी माझ्या मागेच उभी होती ना ताई, कुठेतरी खोकली असेल, बोलली असेल, हसली असेल. मीही कान देऊन ऐकलं. कोंबडी आहे, कुत्रं आहे, वारा आहे, एका ठिकाणी कुणाचा तरी कुकर आहे. भाभी नाहीत. इतकं नीट तोंड बंद ठेवलं होतं त्या माउलीने, नवऱ्याचं काम बिघडू नये म्हणून.

नंतर मास्तर स्वतः ती हाक शिकायला लागले. संध्याकाळी भाभी दारात खाटेवर बसायच्या आणि मास्तर माळाकडे तोंड करून ओरडायचे. भाभी डावा हात हलवून सांगायच्या: वर, आणखी वर, अजून लांबव. टोकाला फाटायची जागा आली की त्या मुठीने हवेत काहीतरी तोडल्यासारखं करायच्या. मास्तरांचा गळा आयुष्यभर "चला, पुढं सरका" ओरडलेला, तो तिथे घोगरा व्हायचा. शेळ्या मान वर करायच्या, बघायच्या आणि परत चरायला लागायच्या. त्यावर भाभींना असं हसू फुटायचं की खाट हलायची. मास्तर जाऊन शेळ्यांना दाव्याने ओढून आणायचे. मी म्हटलं, तुमचीच घेऊन ठेवू का हाक? ते म्हणाले, "तिच्या जागंवर मी बसू?"

फोल्डर मात्र करून घेतला. नाव काय देऊ विचारलं, तर म्हणाले, हिची. तो तसाच आहे, आत काही नाही.

पुढे मुलीने दोघांना वाईला न्यायचं ठरवलं. शेळ्या विकल्या. निघायच्या सकाळी मी डबा घेऊन स्टँडवर गेले. स्वारगेटची गाडी लागलेली, चढायला झुंबड. आणि मास्तर, जे आयुष्यभर घरच्यांना शेवटी चढवत आले, ते भाभींचा दंड धरून सगळ्यांच्या आधी पायरीवर. "सरका, सरका, पेशंट हाय," म्हणत त्यांनी अक्षरशः लोकांना बाजूला केलं. भाभींना खिडकीशी बसवलं. पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. लाल पेनड्राइव्ह सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात होता, मला माहीत होतं. मी खिडकीतून डबा दिला. भाभींनी तो घेतला, माझ्याकडे बघितलं, मग माळाकडे बघितलं, आणि ओठ हलवले.

गाडी काही भरली नाही. कंडक्टर तरुण होता, त्याने मास्तरांची पिशवी आणि पंच बघून हसून सांगितलं, बसा की मास्तर, शेजारीच जागा आहे. मास्तरांनी ऐकल्यासारखं केलं नाही. वरची दांडी धरली.

घंटी वाजली. गाडी कचेरीवरून वळून पिरंगुटच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. भाभींच्या शेजारची जागा रिकामी होती आणि मास्तर उभे होते.